माझ्या आवाजावर पळणाऱ्या मुली

या दिवाळी अंकात मी याआधी चार-पाच वेळा लिहिलं आहे. मिलच्या खो-खो संघाच्या गमती, रतलामच्या गाडीत विसरलेली बुटांची पिशवी, शिट्टी फुंकताना एका पंचांची कवळी मैदानात पडली तो किस्सा. वाचकांना आवडलं, मलाही लिहिताना मजा आली. त्यातल्याच एका लेखात एक वाक्य होतं: ‘अंतिम सामन्यात ऐनवेळी एका मुलीचा गोंधळ उडाला आणि हातातोंडाशी आलेला चषक गेला.’

हे वाक्य खोटं आहे. लिहिताना मला ते ठाऊक होतं. संपादक दर वर्षी म्हणतात, “सरजी, त्या फायनलवर पूर्ण लिहा ना एकदा,” आणि मी कधी गुडघा पुढे करतो, कधी मोतीबिंदू. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. गुडघ्याला लिहायचं काम नसतं, हे आमच्या सौभाग्यवतींनी सांगितलं. कारणं संपली, म्हणून लिहितो.

मी इंदूरच्या कापड मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. पाळी भरली की भोंगा, सुटली की भोंगा, आणि मधल्या वेळात आम्ही हजेरीची कार्डं लावणार. संध्याकाळी मात्र मिलच्या मैदानावर मी राजा! मिलच्या पुरुष संघाला मी खो-खो शिकवायचो, आणि माझा आवाज हीच माझी ख्याती. मित्र म्हणायचे, “भिया, तुम बोलते हो तो बड़े गणपती उठ के बैठ जाते हैं.”

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आठ जण ओळीनं बसतात. एकाचं तोंड इकडे, तर पुढच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. समोरच्या संघाचे पळणारे बसलेल्यांच्या मधून नागमोडी कुठूनही जाऊ शकतात, पण पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि खांब येईपर्यंत मागेही वळता येत नाही. पळणारा पलीकडे गेला, की पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून ओरडायचं, “खो!” तो उठतो आणि शिकार पुढे चालू. खो कधी द्यायचा आणि कुणाला द्यायचा, सगळा खेळ एवढाच. निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत. अहो, काय खेळ आहे! आज या वयातही लिहिताना माझे तळपाय शिवशिवतात.

मग दिवस फिरले. बाजारात नव्या मोटारी आल्या, टीव्हीवर नवी चॅनेलं आली, आणि आमच्या मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. भोंगा बंद झाला त्या आठवड्यात सगळ्या चाळींत माणसं भलत्याच वेळी उठत होती, भलत्याच वेळी जेवत होती. पुरुष संघ विखुरला. कुणी रिक्षा घेतली, कुणी पोह्याचा ठेला टाकला. मैदान मात्र उघडं होतं, कारण चौकीदार आमचाच जुना खेळाडू. तिथे मी मिल कामगारांच्या मुली गोळा केल्या.

त्यांच्यात वैशाली होती. तिचे वडील नामदेवराव साळखात्यात, म्हणजे विणकामात, मागावर होते. आता कामच नाही, म्हणून ते रोज मैदानाच्या कडेला पिंपळाखाली येऊन बसत. एकदा मला म्हणाले, “सर, या घरात आता हिच्याच पायांवर भरोसा आहे बघा.” ते हसत म्हणाले, पण मला हसता आलं नाही. सरकारी खात्यांत तेव्हा खेळाडूंच्या कोट्यातून नोकऱ्या मिळत. विभागीय स्पर्धेला एका खात्याचे साहेब दोन मुली निवडायला येणार, ही बातमी लागली होती. आणि त्याच खात्याला खो-खोचा एक शिक्षकही हवा होता, ही बातमी फक्त मला लागली होती.

वैशाली काय पळायची! बारीक अंगाची, पण वळताना वाटावं, हिच्या टाचेला बिजागरी बसवली आहे. मी रेषेवर उभा राहून ओरडायचो, “वैशाली, घे! घे! थांब... दे खो! ज्योती, ऊठ! खांब धर!” आणि माझ्या शब्दाबरोबर नऊच्या नऊ मुली हलायच्या. जसं एका दोरीनं बांधलेलं यंत्र! बघायला गर्दी जमायची. कुणी स्वतःच्या मनानं खो दिला की सराव थांबायचा. “तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं का? मार मैदानाला पाच चक्कर!” खो बरोबर होता की चूक, हे मी विचारतच नसे. वैशालीनं सुरुवातीला अशा खूप चकरा मारल्या. पुढे तिनं स्वतःच्या मनानं खो देणं सोडलं. मला वाटलं, पोरगी शिस्तीत आली.

सामन्यात रेषेवरून असं ओरडणं नियमात बसत नव्हतं. पण पंच ओळखीचे होते आणि बाकीचे शिक्षकही थोडेफार ओरडतच. इंदूरमधल्या सगळ्या स्पर्धा आम्ही जिंकलो. एकही सोडली नाही!

विभागीय स्पर्धा तीन दिवसांची होती. पहिले दोन दिवस मी असा ओरडलो, की तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घशातून हवा सोडून काही येईना. सौभाग्यवतींनी ज्येष्ठमध दिलं, हळदीचं पाणी दिलं, गुळण्या झाल्या. शेवटी पाटीवर लिहावं तसं हातावर लिहून दाखवलं, ‘निघतो.’ त्या म्हणाल्या, “आज मुली तरी सुखानं खेळतील.” हा विनोद मला फार पुढे समजला.

अंतिम सामना इंदूरजवळच्या बेटम्याच्या संघाशी होता. साध्या शाळेच्या मुली. त्यांच्या पवारबाई एका उपड्या बादलीवर बसून शांतपणे भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. मला वाटलं, या बाईला खेळातलं काही कळत नाही.

खेळ सुरू झाला आणि आमचं यंत्र खडखडायला लागलं. मुली धावत होत्या, पण प्रत्येक वळणावर मान माझ्याकडे. मी हात हलवले, टाळ्या वाजवल्या, पाय आपटले. हाताच्या खुणा मी कधी शिकवल्याच नव्हत्या! तरी मुलींच्या पायांत दम होता, म्हणून आम्ही टिकलो. शेवटच्या डावात गुण सारखे झाले. एक गडी मिळाला की सामना आमचा. नाही मिळाला तर जादा डाव, आणि आमच्या मुली थकल्या होत्या.

शेवटचं अर्धं मिनिट. बेटम्याची सुमन पुढे, वैशाली मागे, मध्ये दीड हाताचं अंतर. मैदानावर नुसता कल्लोळ! नामदेवराव उभे राहिले होते. सुमननं खांद्याची हूल दिली, म्हणजे ती आता बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे घुसणार. तिथेच ज्योती पलीकडे तोंड करून बसली होती. वैशालीनं त्या क्षणी तिच्या पाठीवर खो दिला असता, तर उठणाऱ्या ज्योतीच्या थेट कुशीत सुमन सापडली असती. हे मी पाहिलं. आणि वैशालीनंही पाहिलं होतं, कारण तिचा उजवा हात ज्योतीच्या पाठीकडे निघाला होता. अर्ध्यावर गेलाही होता.

तिथे तो थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं. हवा आली.

सुमन पलीकडे निघून गेली. शिट्टी झाली. जादा डावात आम्ही हरलो.

ते साहेब माझ्याकडे आले. घामानं भिजलेले, ते स्वतःच खेळून आल्यासारखे. म्हणाले, “मास्टरजी, वो सात नंबर वाली लड़की कमाल की है. पर आख़िर में रुक क्यों गई?”

तोवर आवाज थोडा फुटला होता. अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून निघालेलं पहिलं धड वाक्य ते. “साहब, ऐन मौके पे उसका दिमाग नहीं चलता.”

वैशाली चार पावलांवर उभी होती, बुटाची नाडी सोडत. बाकी मुलीही होत्या. मी एवढ्यावर थांबलो नाही. तिच्याकडे वळून मराठीतही म्हणालो, “ऐनवेळी तुझं डोकं चालत नाही, वैशाली. बापाच्या तोंडचा घास घालवलास.” नामदेवरावांनी तिची पिशवी उचलली.

साहेबांनी दुसऱ्या दोन मुली निवडल्या. पुढच्या महिन्यात त्या खात्यात शिक्षकाची जागा भरली, ती मला मिळाली. तिथूनच मी निवृत्त झालो. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला. वैशाली त्या सामन्यानंतर मैदानावर आलीच नाही.

मी तेव्हा जाणूनबुजून खोटं बोललो का? स्वतःला मी बरीच वर्षं सांगत होतो की नाही, रागाच्या भरात गेलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोक्यात एकच हिशेब होता: यंत्र चुकलं म्हणालो तर यंत्र बांधणाऱ्याला कोण नोकरी देणार?

खात्याच्या मुलींचा संघ माझ्या हाती आला आणि लागोपाठ दोन वर्षं बेटम्याच्या नव्या पोरींनी त्याला हरवलं. तिसऱ्या वर्षी मी मान खाली घालून बस पकडली आणि पवारबाईंचा सराव बघायला गेलो. तीच बादली, त्याच शेंगा. पाऊण तास झाला, बाई बोलेचनात. एक मुलगी खो द्यायला उशीर करून बसली, तेव्हा बाईंनी खेळ थांबवला आणि विचारलं, “काय दिसलं गं तुला?” मुलगी म्हणाली, “बाई, मला वाटलं ती डावीकडे जाईल.” “का वाटलं?” मुलगी विचारात पडली. बाई थांबल्या. मैदानही थांबलं. माझ्या जिभेवर उत्तर नाचत होतं, मला घाम फुटला! शेवटी मुलगीच म्हणाली, “तिनं पाय आडवा टाकला, तो मी बघितला नाही.” “बरं. चला.” झालं!

मी म्हणालो, “बाई, तुम्ही काही सांगत कसं नाही?”

“सांगून काय होणार सरजी? मॅचमध्ये मी थोडीच पळणार आहे.”

मग शेंगांची मूठ माझ्यापुढे करत त्या म्हणाल्या, “एक सांगू? राग नका मानू. त्या फायनलला तुमचा गळा बसला होता ना?”

मी म्हटलं, “हो, पण तुम्हाला कसं कळलं?”

“मला नाही, पोरींना कळलं. ही सुमन आली बघा, हिलाच विचारा.”

सुमन आता तिथेच लहान मुलींना मदत करायची. ती लाजत म्हणाली, “सर, तुमच्या टीमच्या अगेन्स्ट पळताना आम्ही पाठलागवालीला बघतच नव्हतो. तुम्हाला बघत होतो. तुम्ही तोंड उघडलं की समजायचं, अब खो आएगा. उस दिन मुँह खुला, आवाज नहीं आई. मग मी बिनधास्त घुसले.”

तिला वाटलं मी हसेन. सगळ्या मुली हसल्या. मीही हसलो असेन. परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा होती, पण मी इंदूरपर्यंत उभाच राहिलो.

दुसऱ्याच दिवशी मी तोंडात लवंग धरून मैदानावर बसलो. बोलायचंच नाही! पहिला अर्धा तास म्हणजे मासळीबाजार. एकीनं खो दिला तो चुकीच्या मुलीला, दुसरी फाऊल करून मलाच विचारते, “सर, आता?” मी लवंग चावली. तिसऱ्या दिवशी एका मुलीनं असा काही उलटा विचार करून खो दिला, की मी ताडकन उभा राहिलो! मी तो खो दिलाच नसता. मला सुचलाच नसता! समोरची पळती जागच्या जागी बाद. तीस वर्षं हा खेळ माझ्यासमोर चालू होता, आणि मी तो ओरडून ओरडून झाकून टाकला होता. त्या संध्याकाळी मी घरी जाताना लवंगांची आख्खी पुडी घेतली.

तेव्हापासून ही खोड लागली. कुठल्याही मैदानाच्या कुंपणाशी मी उभा राहतो आणि पाच मिनिटांत सांगतो, शिकवणारा कसा आहे. त्याच्याकडे बघायचंच नाही, मुलांच्या माना बघायच्या. चेंडू सोडून माना मास्तराकडे वळत असतील तर समजावं, खेळ मास्तरच खेळतो आहे. राजेंद्र नगरात एका क्रिकेटच्या वर्गात वीस मुलं रांगेत उभी, एक फलंदाजी करतो आणि सर फोनवर! मी घड्याळ लावलं. रांगेतल्या शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत त्यानं दोनदा नाक साफ केलं आणि शेजाऱ्याशी भांडण करून समेटही केला. दुसरीकडे एक जण नुसतं म्हणतो, “फिर से! फिर से!” काय चुकलं ते सांगत नाही, मग पोरगं तीच चूक दहा वेळा घोटून पक्की करतं. चुकलं की चक्कर मारायला लावणारे तर गल्लोगल्ली आहेत. त्यांना मी काय बोलणार? मुलगा चक्कर मारायला शिकतो आणि चूक लपवायलाही शिकतो, एवढं मात्र मी एका तरुण शिक्षकाला सांगितलं. तो म्हणाला, “अंकल, आपने कभी कोचिंग की है?” मी म्हटलं, “की है बेटा, इसीलिए बोल रहा हूँ.”

सगळ्यांना सांगत सुटलो. जिला सांगायला हवं होतं, ती सोडून.

वैशालीचं सासरचं शेवेचं दुकान बडा गणपतीच्या देवळाजवळ आहे, हे मला कळलं त्यालाही बरीच वर्षं झाली. नामदेवराव तोवर गेले होते. मी मनाशी वाक्यं जुळवून गेलो. ती तराजूपाशी बसली होती, केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. मला बघून उठली, पाया पडली. “सर! तुम्ही! या ना, बसा. अरे, सरांना स्टूल दे.”

तेवढ्यात एक व्यापारी आला. त्याला लग्नाच्या घरासाठी पन्नास किलो शेव हवी होती, लवंगवाली द्यायची की साधी, भाव काय, आत्ताच सांगा म्हणाला. वैशालीनं हसत आतल्या बाजूला हाक मारली, “अहो, तुम्ही बघा हो जरा!” आणि माझ्याकडे वळून अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, “माझं ऐनवेळी डोकं चालत नाही ना, सर. तुम्हाला तर माहीतच आहे.”

मी पाव किलो शेव घेतली आणि आलो.

पुन्हा गेलो. त्या वेळी ती म्हणाली, “तुमचा दिवाळी अंकातला लेख वाचला होता, सर. बाबांनी आणून दिला होता. माझं नाव छापलं नाहीत, ते फार बरं केलंत.” तिच्या आवाजात टोमणा असता, तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते. टोमणा नव्हता. ती खरंच आभार मानत होती. मी अर्धा किलो घेतली.

त्यानंतर किती वेळा गेलो ते मोजलं नाही. घरात शेव संपत नाही. सौभाग्यवती म्हणतात, “एक तर तिच्याशी बोला, नाही तर दुकान बदला.” नात विचारते, “आजोबा, तुम्हाला शेव एवढी आवडते?” मला शेव बाधते.

हा अंक तिच्या घरी जाईल असं मी धरून चाललो आहे. न गेला तर मी घेऊन जाईन म्हणतो, पण माझ्या म्हणण्याला काय अर्थ आहे, ते तुम्ही वाचलंच. म्हणून स्टुलावर बसून जे बोलायचं होतं, ते त्याच अंकात छापायला देतो, जिथे खोटं छापलं होतं. आणि या वेळी नावासकट.

वैशाली, त्या दिवशी तुझा हात ज्योतीच्या पाठीकडे निघाला होता. मी पाहिला. तो खो बरोबर होता. तो मी थांबवला होता, आधीच्या दोन वर्षांत, एकेक चक्कर मारायला लावून. साहेबांनी विचारलं तेव्हा मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी दोष तुझ्यावर टाकला. तुझं डोकं ऐनवेळी चाललं होतं, बाळ. मला माफ कर.